पोटदुखी: घरी थांबायचं कधी, निघायचं कधी

गणपतीत पोट दुखलं की घरोघरी निदान ठरलेलं: मोदक जास्त झाले. बहुतेकदा ते खरंही असतं. ओवा चावला, सोलकढी घेतली, झोप काढली की बरं वाटतं. पण सलग पाच-सहा तास दुखणं थांबत नसेल, तर ते अजीर्णावर ढकलू नका.

अपेंडिक्सची कळ सहसा आधी बेंबीभोवती येते. जेवण नकोसं होतं, मळमळतं. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं. ताप नसला तरी हे सरकणं आम्ही गंभीरपणे घेतो. लहान मुलं आणि गरोदर बायकांमध्ये मात्र चित्र इतकं स्पष्ट नसतं.

आमच्या हॉस्पिटलमध्ये आल्यावर डॉक्टर विचारतील, “रिक्षा खड्ड्यातून गेली तेव्हा कळ आली का?” थट्टा नाही ही. पोटाच्या अस्तराला सूज असली की प्रत्येक धक्का जाणवतो. (आपल्या रस्त्यांवर ही तपासणी वाटेतच उरकते.) मग पोट दाबून पाहणं, रक्त, सोनोग्राफी. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणून सगळं ठीक, असं नसतं. शंका राहिली तर सीटी स्कॅन करतो किंवा ठेवून घेऊन पुन्हा तपासतो.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून, तीन छोट्या छिद्रांतून होतं. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर पू काढावा लागतो, मुक्काम वाढतो. “नुसत्या औषधांवर भागेल का?” साध्या केसमध्ये भागतं कधी कधी. पण फिनलंडमधल्या अभ्यासात अशा दहांपैकी साधारण चौघांचं ऑपरेशन पाच वर्षांत करावंच लागलं.

घरी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका, पोट शेकू नका. निघायचं ठरलं की खाणं बंद, चहासुद्धा नको. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. रोजच्या गोळ्या पाकिटासकट आणा, रक्त पातळ करणाऱ्या असतील तर आल्या आल्या सांगा.

पुढच्या गोष्टींत मात्र तास मोजत बसू नका. पोट फळीसारखं कडक होणं. हर्नियाचा गोळा दुखतोय आणि आत जात नाही. पाळी चुकलेल्या बाईला एकाएकी पोटात कळ आणि चक्कर. मुलाच्या वृषणात अचानक कळ: इथे सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, आणि मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून आईवडिलांनीच विचारावं. छातीखाली दाब येऊन घाम सुटला तर दुखणं हृदयाचंही असू शकतं, आधी ईसीजी.

गाडी नसेल तर 108 ला फोन करा. रात्री हॉस्पिटलचं पुढचं दार बंद असतं, बाजूच्या फाटकाची बेल वाजवा.