वर्कग्रुप की डोमेन: छोट्या ऑफिसच्या सर्व्हरमागचा जुना वाद

छोट्या ऑफिसात सर्व्हर बसवायचा विषय निघाला की हल्ली बोलणं नास (नेटवर्कला जोडलेली, फाइली ठेवायची पेटी) घ्यायचा की सगळं क्लाउडवर टाकायचं इथूनच सुरू होतं. त्याआधीचा प्रश्न मशीनं वर्कग्रुपमध्ये ठेवायची की डोमेनमध्ये, हा होता. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक मशीन आपापली खाती आणि पासवर्ड सांभाळतं; डोमेनमध्ये ती सगळ्यांची एका सर्व्हरवर असतात. अंधेरी-साकीनाक्याच्या गाळ्यांपासून फोर्टच्या जुन्या इमारतींपर्यंत दहा-पंधरा माणसांच्या पुष्कळ ऑफिसांनी तो कधी सोडवलाच नाही. आजच्या बऱ्याच कटकटींचं मूळ तिथे आहे.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात नेटवर्क असलेल्या ऑफिसात ते बहुधा नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या सर्व्हर-सॉफ्टवेअरचं असे. एका कोअ‍ॅक्सिअल केबलवर सगळी मशीनं ओळीने जोडलेली. टोकाचा टर्मिनेटर निसटला की अख्खी लाइन आडवी. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. सर्व्हरवर स्वतःच्या नावाने लॉगिन केल्याशिवाय कंपनीची फाइल दिसत नसे. विंडोज ९५ आणि ९८ आलं, मशीनं जोडायचे हब आणि कॅट-५ केबल स्वस्त झाली, आणि कुठल्याही मशीनवरून फोल्डर शेअर करता येऊ लागला. सोय वाढली, नावाने लॉगिन करायची सवय गेली.

खरा वाद पेटला तो विंडोज एक्सपीच्या काळात. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून असेंबल करून आणलेलं, जरा जास्त रॅम घातलेलं मशीन कोपऱ्यात ठेवायचं, त्यावर एक्सपी प्रोफेशनल टाकायचं, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा शेअर करायचा आणि त्यालाच सर्व्हर म्हणायचं, अशी पद्धत रुळली. त्याला मर्यादा होती: एक्सपी प्रोफेशनल एका वेळी 10 जोडण्याच घेतं, होम एडिशन 5. अकरावं मशीन आलं की जोडण्या संपल्याचा मेसेज येई आणि एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीच्या माणसाला) फोन जाई. तो येऊन रिकाम्या बसलेल्या जोडण्या लवकर तुटाव्यात म्हणून वेळ कमी करून जाई. दुपारपर्यंत भागत असे.

पण दहाच्या मर्यादेपेक्षा घातक होतं ते सिंपल फाइल शेअरिंग. वर्कग्रुपमधल्या एक्सपीवर ते मुळात चालूच असे. त्यात बाहेरून येणारा प्रत्येक जण गेस्ट म्हणूनच, म्हणजे स्वतःच्या नावाशिवाय, आत येतो. सेल्सचा मुलगा असो की अकाउंट्सच्या मॅडम, सर्व्हरला दोघं सारखीच. ते बंद केलं तर प्रत्येक मशीनवर प्रत्येकाचं खातं आणि तोच पासवर्ड पुन्हा भरावा लागे, आणि एकाने पासवर्ड बदलला की सगळीकडे फिरून बदलावा लागे. म्हणून मग फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊन विषय संपवला जाई.

याला उत्तर उपलब्ध होतं. विंडोज स्मॉल बिझनेस सर्व्हर 1997 पासून होता, आणि 2003 च्या आवृत्तीत 75 जणांपर्यंत डोमेन, फाइल, मेल असं सगळं एका पेटीत मिळत होतं. तरी मालक कचरत. खर्च हे एक कारण: सर्व्हरची लायसन्स, माणसागणिक लायसन्स, शिवाय एक्सपी होम डोमेनला जोडता येत नसल्यामुळे ती मशीनंही बदलायची. हा आक्षेप रास्त होता. दुसरा आक्षेप मात्र ऐकीव होता: सर्व्हर बंद पडला तर कुणाचंच लॉगिन होणार नाही, ऑफिस ठप्प. वास्तविक विंडोज आधीची 10 लॉगिनं स्वतःकडे साठवून ठेवतं, त्यामुळे रोजचा माणूस रोजच्या मशीनवर आत जाऊ शकतो. अडतं ते डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा किंवा साइटचा पत्ता शोधून देणारी सोय. डोमेनमधली मशीनं सर्व्हरलाच पत्ते विचारतात, म्हणून सर्व्हर झोपला की इंटरनेटही गेल्यासारखं वाटतं. तो अनुभव एकदा आला की ‘डोमेन नको’ हे मत कायमचं होई. दुसरा छोटा डोमेन कंट्रोलर (डोमेनची लॉगिनं सांभाळणारा सर्व्हर) ठेवला असता तर हे टळलं असतं. पण एकाचेच पैसे जड वाटत होते तिथे दुसऱ्याचं कोण ऐकणार! माझ्या मते चूक इथेच झाली. खर्चाचं गणित पेटीच्या किमतीवर मांडलं गेलं. कोणी कोणती फाइल उघडावी, याची किंमत त्यात कुठेच नव्हती.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर टेबलाखालचे सर्व्हर वर सरकले आणि बॅकअपची डिस्क घरी न्यायची पद्धत आली. लॉगिनचा प्रश्न होता तिथेच राहिला.

2012 मध्ये स्मॉल बिझनेस सर्व्हर बंद करण्याची घोषणा झाली. त्याच्या जागी 25 जणांपुरती एसेन्शियल्स आवृत्ती आली, त्यात मेल सर्व्हर नव्हता. मेल क्लाउडवर गेली, फाइली आणि टॅली ऑफिसातच राहिली. मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो एसएमबी-1 मधून, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण अपडेट बंद ठेवणं हीच जिथे देखभाल होती तिथे ती पोचली नव्हती. 2020 च्या टाळेबंदीत कुलूपबंद ऑफिसातल्या मशीनवर घरून पोचायची वेळ आली, आणि घाईघाईने रिमोट डेस्कटॉपचं (लांबून मशीन वापरायच्या सोयीचं) पोर्ट थेट राउटरवर उघडलं गेलं. लॉगिन सगळ्यांचं एकच असेल, तर त्यातून कोण आत आलं हे सांगता येत नाही.

मग कायदा आला. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट 2022 मध्ये बदल होऊन हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक झालं. 1 एप्रिल 2023 पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून प्रत्येक नोंदीतला बदल टिपणारं आणि ते टिपणं बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. ही बंधनं कंपन्यांना आहेत. मालकी आणि भागीदारीतल्या पेढ्यांना नाहीत. सीए आता एडिट लॉग, म्हणजे या बदलांची नोंद, मागतात. लॉग निघतो, पण बिलापुढे कायम एकच नाव असतं, कारण तिघं जण त्याच नावाने आत जातात. डेटाचा फोल्डर सगळ्यांना खुला असेल तर तो उचलून दुसरीकडे नेणाऱ्याची नोंद त्या लॉगमध्ये येतच नाही.

विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीने तर गेस्टचं दारच लावलं. प्रो आवृत्तीतही आता गेस्ट म्हणून शेअर उघडत नाही आणि एसएमबी साइनिंग (शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर तो खरा असल्याची खूण) सक्तीचं आहे. नवा लॅपटॉप घेतला आणि नासवरचा फोल्डर दिसेना, ही तक्रार त्यातूनच येते. पुष्कळ ठिकाणी कुणीतरी येऊन दोन्ही सेटिंग्ज मागे फिरवतं आणि फोल्डर उघडतो. नास अगदीच जुना नसेल, एसएमबी-2 किंवा 3 चालवत असेल, तर त्यावर प्रत्येकाच्या नावाचं खातं काढून, फोल्डरवार हक्क देऊन हेच काम सरळ होतं, आणि त्याला डोमेनही लागत नाही.