छोट्या टॉवर कॅबिनेटची अंतर्रचना: पार्श्वभूमी

संगणकाच्या आटोपशीर उभ्या कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली की आत दिसणारी मांडणी आजही बरीचशी १९९५ च्या एटीएक्स मानकाची, म्हणजे बोर्ड, पेटी आणि वीजपुरवठा यांची मापं ठरवणाऱ्या नियमांची असते. त्याआधीचं थोडक्यात सांगून पुरे. १९८१ चा मूळ पीसी आडवा होता आणि मॉनिटर त्याच्या डोक्यावर बसे. पुढे तीच पेटी कुशीवर उभी करायची रीत पडली, आणि १९८७ च्या सुमारास मुळातच उभी बनवलेली मोठी यंत्रंही आली. पेटी उभी राहिल्यावर मुख्य बोर्डात खोचायची कार्डं आडवी झाली. पीसीआय या कार्डजोडणीच्या काळापासून त्यांच्या चिपा जमिनीकडे तोंड करून असतात, म्हणून ग्राफिक्स कार्डाचे पंखे आजही खालून हवा ओढतात.

एटीएक्सने बेबी एटी हा त्याआधीचा प्रचलित बोर्ड ९० अंशांत फिरवला. प्रोसेसर लांब कार्डांच्या वाटेतून निघाला आणि एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) शेजारी, वरच्या मागच्या कोपऱ्यात गेला. त्यामागे हिशेब होता: एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांवर) सोडायची, म्हणजे प्रोसेसरला वेगळा पंखा लागणार नाही. शिवाय पेटीतला दाब किंचित जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही. कागदावर बिनतोड. पण ती हवा एसएमपीएसच्या पोटातून जाताना आधीच तापायची. प्रोसेसर दहा-पंधरा वॅटचे होते तोवर हे खपलं, नंतर नाही. उत्पादकांनी पंखा उलटा फिरवला आणि मानकानेही ते मान्य केलं. ज्या कारणासाठी एसएमपीएस तिथे ठेवला होता ते कारण गेलं, एसएमपीएस मात्र तिथेच राहिला.

आता तो पेटीतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा झाला. मोठ्या टॉवरमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, छोट्यात बिघडतं. १९९७ चा मायक्रो-एटीएक्स हा एटीएक्सचा छोटा बोर्ड २४४ मिमी चौरस असतो. त्यावर ८६ मिमी जाडीचा एसएमपीएस ठेवला की पेटीची उंची ठरूनच जाते. ती वाचवण्यासाठी काही निर्मात्यांनी एसएमपीएस बोर्डाच्या समोर, थेट प्रोसेसरच्या पुढ्यात टांगला. उंची कमी झाली, पण उंच कूलर बसेना. शंभर वॅटच्या पुढे गेलेला प्रोसेसर आणि त्याचीच गरम हवा गिळणारा एसएमपीएस, अशी जोडी त्या पेट्यांत नांदत होती.

या उष्णतेवर २००४ मध्ये इंटेलचं बीटीएक्स हे नवं मानक उपाय म्हणून आलं. त्यात प्रोसेसर पुढे, हवेच्या सरळ वाटेत पहिला होता आणि ग्राफिक्स कार्डाचं तोंड वर होतं. तत्त्व म्हणून बीटीएक्स एटीएक्सपेक्षा सरस होतं असंच म्हणावं लागेल. पण इंटेलच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रोसेसरांमध्ये मेमरी कंट्रोलर (मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) चिपमध्येच असल्याने त्यांना ही मांडणी गैरसोयीची होती, बोर्ड आणि पेटी दोन्ही बदलायची कुणाचीच तयारी नव्हती, आणि २००६ मध्ये कमी तापणारे प्रोसेसर आल्यावर निकडही सरली.

त्याच सुमारास मोठ्या टॉवरमध्ये एसएमपीएस तळाला गेला. पंखा खाली, तळाच्या जाळीतून स्वतःची थंड हवा. हा निर्णय मोठ्या पेटीसाठी योग्यच होता. सुरुवातीला प्रोसेसरची वीजवाहिनी बोर्डाच्या वरच्या टोकापर्यंत पुरत नसे आणि जोडकेबल घ्यावी लागे, पण तो त्रास तात्पुरता होता. वादाचा मुद्दा पुढचा आहे. छोट्या टॉवरनेही हीच मांडणी जशीच्या तशी उचलली आणि पुढच्या दशकात एसएमपीएसवर बंद झाकणही चढवलं. म्हणजे २५०-३०० वॅटचं कार्ड ज्या दिशेने हवा ओढतं, तिथेच पत्र्याची भिंत उभी राहिली. झाकणामुळे केबली लपतात आणि काचेतून पेटी देखणी दिसते, हे खरं. काहींनी त्या पत्र्याला भोकं पाडली, तेव्हा थोडी हवा मिळू लागली. मायक्रो-एटीएक्स पेटीत ही मांडणी सोयीपेक्षा फॅशन म्हणूनच टिकली.

१७० मिमी चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड २००१ पासून होते, पण दमदार प्रोसेसर आणि लांब कार्डांसाठी त्यांचा वापर बराच उशिरा रुळला. तिथे एसएफएक्स या छोट्या मापाच्या एसएमपीएसने वाट मोकळी केली. त्याचा आकार १२५ × ६३.५ × १०० मिमी, म्हणजे जेमतेम ०.८ लिटर. नेहमीचा १४० मिमी लांबीचा एसएमपीएस १.८ लिटर जागा खातो. आता एसएमपीएस पुढच्या पट्टीमागे उभा करता येऊ लागला. मागच्या सॉकेटपासून त्याच्यापर्यंत आतूनच एक वीजकेबल फिरते. तळ मोकळा झाला, कार्डाला हवा मिळाली, पण पुढचे पंखे गेले. अशा पेट्यांत हवा तळातून येते आणि वरून जाते.

त्यानंतरची उडी सँडविच मांडणीची. बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून, मध्ये पत्रा, आणि दोघांना जोडणारी लवचीक रायझर केबल. दहा लिटरच्या आत पूर्ण लांबीचं कार्ड बसवायचा हाच रुळलेला मार्ग आहे. २०१९ नंतर पीसीआय एक्सप्रेस या कार्डजोडणीची वेगवान ४.० आवृत्ती आल्यावर जुन्या रायझर केबली अडखळू लागल्या. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग ३.० वर उतरवून अनेकांनी काम भागवलं. कार्डं तीन-तीन खाचांची (स्लॉटांची) जागा घेऊ लागली तशी मधली भिंत सरकवता येणारी कॅबिनेटंही आली. कार्डाला एक खाच, म्हणजे सुमारे २० मिमी जास्त दिली, की पलीकडे प्रोसेसरच्या कूलरची उंची तेवढीच घटते.