ब्लूजचा माउथ ऑर्गन : कारखान्यातला आणि कारागिराचा

आपल्याकडे माउथ ऑर्गन मागितला की दुकानदार बहुतेक वेळा दोन ओळी भोकांचा ट्रेमोलो काढून देतो. सिनेमाची गाणी त्यावर गोड वाजतात, पण ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, नाही, कारण त्यातल्या प्रत्येक रीडला, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पट्टीला, स्वतःचा वेगळा कप्पा असतो. ब्लूजला दहा भोकांचा डायाटोनिक हार्मोनिका लागतो. त्यात एका भोकामागच्या एकाच कप्प्यात दोन रीड्स नांदतात, एक फुंकीची आणि एक ओढीची. कारखान्यातून आलेलं वाद्य आणि कारागिराने हाताने जुळवलेलं ‘कस्टम’ वाद्य यांतला फरक बराचसा या दोघींच्या शेजारधर्माचा आहे.

सी पट्टीचा हार्मोनिका ब्लूजवाले जी सुरात वाजवतात. म्हणजे जी हा षड्ज, आणि तो दुसऱ्या भोकात श्वास ओढून मिळतो. तिसऱ्या भोकातली ओढ बी देते, तो शुद्ध गंधार. ओढता ओढता जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी मोठी केली की हा सूर खाली सरकतो. यालाच बेंड म्हणतात. ब्लूजचा खास गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी असतो, तो इथेच सापडतो. बेंड होताना ओढीची रीड मंदावते आणि फुंकीची शेजारीण उलट्या वाऱ्यात थरथरू लागते. सूर साधारण या शेजारणीच्या सुरावर अर्धा स्वर राहीपर्यंत उतरतो. तिसऱ्या भोकात फुंकीला जी आणि ओढीला बी, म्हणून तीन अर्धस्वरांचा उतार. पाचव्यात ई आणि एफ शेजारीशेजारी, म्हणून तिथे पुरता अर्धस्वरही उतरत नाही.

आता दोघींपैकी एक जरी आळशी असली तरी बेंड अडखळतो. रीडचं टोक ती जिच्यावर बसवलेली असते त्या प्लेटपासून किती उचललेलं आहे, म्हणजे गॅप, यावर सगळं ठरतं. गॅप टोकाच्या जाडीइतका असावा, हा सुरुवातीचा ठोकताळा. जास्त असेल तर हवा वाया जाते आणि सूर उशिरा उठतो. फार कमी असेल तर जोरात ओढताच रीड गुदमरते. कारखान्यात हे मध्यम ठेवतात, कारण वाद्य कोणाच्या तोंडी लागणार हे त्यांना माहीत नसतं. कारागीर गॅप वाजवणाऱ्याच्या श्वासाप्रमाणे ठेवतो. अमेरिकन वादक हॉवर्ड लेव्ही यांनी नावारूपाला आणलेली ओव्हरब्लोची पद्धत घ्या : सहाव्या भोकात फुंकून ओढीच्या सुराच्याही वरचा बी फ्लॅट, म्हणजे वरच्या सप्तकातला कोमल गंधार, काढतात. त्यासाठी गॅप अगदी कमी लागतो. तेच वाद्य दणकट शिकागो शैलीच्या वादकाला द्या, तो दुसऱ्या मिनिटाला ते परत करील. म्हणून आपण कसं वाजवतो हे न सांगता महागडं कस्टम मागवणं हा निव्वळ खर्च.

दुसरं काम हवेची गळती रोखण्याचं. रीड आणि तिची खाच यांच्यातली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची. गुळगुळीत गोल हत्याराने खाचेची कड हलके दाबली की पितळ किंचित आत सरकतं आणि फट अरुंद होते. याला एम्बॉसिंग म्हणतात. हात जड पडला की रीड कडेला घासून झणझणते. मग 0.05 मिमीची पातळ पाती खाचेतून फिरवून कड मोकळी करावी लागते.

खरी गंमत मात्र सुरांच्या जुळणीत आहे. पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. फरक सुमारे 14 सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). सी हार्मोनिकावर 392 हर्ट्झच्या जीसोबत पेटीच्या हिशेबाचा बी 493.9 येतो, स्वयंभू 490. दोन्ही सूर एकत्र ओढले की पहिल्या जुळणीत त्यांचे वरचे अंशस्वर एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला सुमारे 15 ठोके पडतात. कानाला ते खरखरीत लागतं. 1896 पासून बनणाऱ्या, होनर या जर्मन कंपनीच्या ‘मरीन बँड’ हार्मोनिकाची जुनी जुळणी याच्या पुढे जाते : पाचव्या भोकातला एफ, म्हणजे कोमल निषाद, पेटीपेक्षा 31 सेंट उतरता. त्यामुळे ओढीची जोडसुरावट 4:5:6:7 या प्रमाणात बसते आणि आगगाडीची नक्कल घुमते. पण तोच एफ एकटा वाजवला तर बेसूर वाटतो. ओव्हरब्लोवाल्यांना म्हणून समान, म्हणजे पेटीसारखी, जुळणी बरी, जोडसुरांवर जगणाऱ्यांना जुनी. आजचे बरेच कारखाने मधला मार्ग धरतात. कस्टमवाला विचारतो की तुम्हाला कुठली हवी.

हे घरी करणं अशक्य नाही. पेटीवाले करतात तसंच : टोकाजवळ खरडलं की वजन घटून सूर चढतो, रिव्हेटजवळ, म्हणजे बुडाशी, खरडलं की रीड मऊ पडून उतरतो. रीडखाली पातळ पाती ठेवा आणि लांबीच्या दिशेनेच खरडा. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची जागा. दोन-चार ओरखडे झाले की थांबा, रीड निवू द्या, मग मोजा. जोराच्या श्वासात सूर थोडा उतरतो, म्हणून ए नेहमीच्या 440 ऐवजी 442-443 हर्ट्झला धरतात. पण आधी गॅप, मग जुळणी. उलटं केलंत तर गॅप बदलताच जुळवलेला सूर पुन्हा सरकेल.

कोम, म्हणजे मधला कप्प्यांचा सांगाडा, लाकडी की प्लास्टिकचा यावर वाद घालणाऱ्यांची कमी नाही. आवाजासाठी त्याची सपाटी महत्त्वाची. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून कोम आठ-दहा वेळा घासला तरी गळती ऐकू येण्याइतकी कमी होते. उघड्या लाकडाचा कोम मात्र ओलाव्याने फुगतो, दात बाहेर येऊन ओठ सोलतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर नकोच. मरीन बँड डिलक्सचा कोम सीलबंद आहे आणि तो खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडलेला असल्याने खोलता येतो.

नवशिक्याची दुसऱ्या भोकाची ओढ गुदमरते तेव्हा दोष बहुतेक वेळा वाद्याचा नसतो, घशाचा असतो. म्हणून आधी स्क्रूवाला साधा हार्मोनिका घ्यावा आणि सहा महिने वाजवावा. कस्टम घ्यायचंच झालं तर एकच गोष्ट विचारून ठेवा : एखादी रीड गेली तर तेवढीच बदलून मिळेल का? ब्लूजमध्ये चौथ्या-पाचव्या भोकातल्या ओढीच्या रीड्स आधी थकतात, सूर खाली घसरतो, आणि कारागिराच्या हातची पितळी रीडही कारखान्यातल्या रीडसारखीच थकते.