बहिणाबाई शिऊरकर: वासरापासून वज्रसूचीपर्यंत

परमार्थाची समज वयाबरोबर कशी वाढते, हे आपल्या संतचरित्रांतून सहसा कळत नाही. बरीचशी चरित्रं नंतरच्या भक्तांनी लिहिलेली, त्यामुळे संत पाळण्यापासूनच सिद्ध. संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग म्हणूनच वेगळे वाटतात. (या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत.)

जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावात, कुलकर्ण्यांच्या घरी. जेमतेम तिसऱ्या वर्षी शिऊरच्या तिशीतल्या बिजवराशी लग्न लागलं. पुढे घरावर कर्ज झालं, भाऊबंदकी विकोपाला गेली आणि छोटी बहिणा, तिचे आईवडील, नवरा असं सगळं बिऱ्हाड गाव सोडून निघालं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत ते कोल्हापूरला थांबले.

खरी गोष्ट इथे सुरू होते. घरी दानात मिळालेली गाय होती, तिच्या वासराला बहिणाचा लळा लागला. ती कीर्तनाला निघाली की तेही मागोमाग. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, तर ते हंबरू लागलं. स्वामींनी त्याला परत आत आणवलं आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. गावभर चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने तिला बांधून बेदम मारलं. पुढे वासरू गेलं. त्या शोकात, बेशुद्धीत, तिला तुकोबांचं दर्शन झालं आणि मंत्र मिळाला. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती असं मानतात.

नवऱ्याचा राग समजून घ्यायचा तर त्याचं कारण बघावं लागतं: ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करायचं? तो घर सोडून निघायच्या बेतात होता; मग आजारी पडला, नरमला आणि सगळे देहूला आले. तिथे तुकोबांना पाण्यात पाहणाऱ्या मंबाजी गोसाव्याने त्यांना छळलं, पण तुकोबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकायला मिळालं.

मधल्या काळातले अभंग मला सर्वांत अस्वस्थ करतात. वेद-पुराणं स्त्रीचा संग टाळायला सांगतात, मग स्त्रीचाच देह मिळालेल्या मी परमार्थ साधायचा तरी कसा, असं ती विचारते. दुसरीकडे पतिव्रताधर्माचे अभंगही तिचेच. नवरा रागावून जायला निघाला तेव्हा, त्याच्याशिवाय विठोबा तरी काय कामाचा, इथवर तिचं मन गेलं होतं. अभ्यासक याला समन्वय म्हणतात. मला ती ओढाताणच वाटते, आणि ती तिने लपवली नाही हे विशेष.

वज्रसूची या, खरा ब्राह्मण कोण याची चर्चा करणाऱ्या संस्कृत ग्रंथावरचे तिचे अभंग मात्र ठाम आहेत. ब्राह्मण कोण? जीव, देह, जात, वर्ण, कर्म, एकेक पर्याय घेऊन ती खोडून काढते आणि ब्रह्म जाणणाऱ्यापाशी येऊन थांबते. ज्या प्रश्नावरून घरात आकांत झाला होता, त्याचं हे शास्त्राच्या भाषेतलं उत्तर.

१७०० मध्ये, बहात्तराव्या वर्षी, देह ठेवण्यापूर्वी तिने मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा आणि शेवटचा. ते जन्म खरे मानावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण स्त्रीदेहात परमार्थाची सोय नाही म्हणून रडलेली बाई, याच देहात आपली फेरी संपली असं मुलाला सांगत होती.