धडधडलं म्हणजे ॲलर्जी नव्हे

नवीन पेशंटचा फॉर्म भरताना ‘औषधाची ॲलर्जी’ या रकान्यापाशी आठवड्यातून एक तरी जण थबकतो. “मॅडम, मला दाताच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे.” बरोबर जुनी फाईल असेल तर तिच्यावरही तेच असतं, लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून. मी विचारते, नेमकं काय झालं होतं? उत्तर ठरलेलं. छातीत धडधडायला लागलं, हात लटपटले, घाम फुटला, वाटलं आता काही खरं नाही. पाच-दहा मिनिटांनी आपोआप बरं वाटलं. अंगावर काही उठलं होतं का? नाही. खाज? नाही. ओठ, पापण्या सुजल्या? नाही. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजली? नाही हो.

मग ती ॲलर्जी नव्हती. वीस वर्षं हे एकेकाला खुर्चीत बसवून सांगतेय. आता एकदा लिहूनच टाकते.

ॲलर्जी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. कोळंबी खाल्ली आणि अर्ध्या तासात अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, असा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि तुटून पडते: खाज, गांधी, सूज, दम, आणि फार झालं तर रक्तदाब कोसळणं. यात शिकवण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जाते.

घोटाळा होतो तो सिरिंजमध्ये काय असतं हे ठाऊक नसल्यामुळे. आपण ‘भुलीचं इंजेक्शन’ म्हणतो खरं, पण त्यात दोन औषधं असतात. एक भूल देणारं, बहुतेक वेळा दोन टक्क्यांचं लिग्नोकेन. दुसरं ॲड्रेनालिन, ८०,००० भागांत १ भाग. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम, आणि १.८ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये (सिरिंजमध्ये बसवायच्या भरलेल्या नळीत) साडेबावीस. हे दुसरं औषध तिथे भूल द्यायला नसतं. ते त्या जागेच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणजे लिग्नोकेन रक्तात वाहून न जाता वेदना नेणाऱ्या नसेजवळ टिकतं आणि दात काढताना रक्तही कमी येतं. ही युक्ती जुनी आहे. हाइनरिश ब्राउन या जर्मन शल्यविशारदाने १९०३ च्या सुमाराला ती भुलीच्या औषधाबरोबर वापरायला सुरुवात केली. फरक किती पडतो ते बघा. ॲड्रेनालिन नसलेल्या लिग्नोकेनने दाताच्या आतली नस जेमतेम पाच-दहा मिनिटं बधिर राहते, ॲड्रेनालिन असेल तर साधारण तासभर. (ओठ आणि जीभ मात्र तीन ते पाच तास जड राहतात. लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी आई जखम दाखवायला घेऊन येते. तेवढं लक्ष ठेवा.)

आता रात्री मोटारसायकलमागे कुत्रं लागल्याचं आठवा. छाती धडधडते, हात थरथरतात, तळव्यांना घाम येतो, आणि कुत्रं मागे राहिलं की चार-पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं. तेव्हा तुमच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींनी रक्तात जे सोडलं, ते ॲड्रेनालिनच. माझ्या सिरिंजमध्येही तेच आहे. त्यातलं थोडं नेहमीपेक्षा वेगाने रक्तात गेलं की शरीर तेच करतं, फक्त कुत्रं दिसत नाही. कारण न दिसता छाती धडधडायला लागली की माणूस हार्ट अटॅकपर्यंत जाऊन पोचतो, आणि त्या भीतीने त्याच्या स्वतःच्या ग्रंथीही कामाला लागतात.

मग हे सगळ्यांना का होत नाही? आणि एकाच माणसाला गेल्या खेपेला झालं, या खेपेला का नाही? इथेच ॲलर्जीचा सिद्धांत ढासळतो, कारण खरी ॲलर्जी अशी लहरी नसते. कोळंबीवाल्या मामाला पुढच्या वेळीही पित्त उठणारच, ही भीती रास्त असते. ॲड्रेनालिनची धडधड मात्र सुई कुठे टेकली आणि औषध किती घाईने गेलं यावर ठरते. वरच्या दातांना हिरडीजवळ टोचलं तर हाड पातळ असतं, औषध सावकाश झिरपतं, सहसा काही कळत नाही. खालच्या दाढेसाठी मात्र जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात खोलवर ‘ब्लॉक’, म्हणजे मुख्य नसच बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा लागतो, आणि तिथे नसेच्या अगदी शेजारून धमनी आणि शीर जाते. सुईचं टोक शिरेत असेल आणि दट्ट्या दाबला, तर औषध थेट रक्तात. म्हणून औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून बघायचं असतं: सिरिंजमध्ये लाल धागा आला तर सुई हलवायची. दोन सेकंदांचं काम आहे. ते टाळणाऱ्यांचा मला राग येतो, लिहून ठेवा. आणि ज्यांना पूर्ण कार्ट्रिज दहा सेकंदांत रिकामं करायची सवय आहे, त्यांचाही. एक मिलीला एक मिनिट हा माझा हिशोब. घड्याळ बघून.

माणसामाणसातला फरकही असतो. एखाद्याला कपभर कॉफीने झोप येत नाही, दुसरा तीन कप पिऊन घोरतो, तसंच हे. थायरॉईड वाढलेलं असेल आणि औषध चालू नसेल तर धडधड जास्त जाणवते. प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची-रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांची गोष्ट वेगळीच: त्यांच्यात ॲड्रेनालिनने रक्तदाब चढू शकतो आणि नाडी उलट मंदावते. ही गोळी बरेच जण मायग्रेनसाठी किंवा हात थरथरतात म्हणून घेतात आणि फॉर्मवर ‘हृदयाची औषधं: नाहीत’ असं प्रामाणिकपणे लिहितात. त्यांच्या दृष्टीने ती डोकेदुखीची गोळी! म्हणून मी आता फॉर्म न बघता थेट म्हणते, गोळ्यांची पिशवी दाखवा. हृदयाचा गंभीर आजार असलेल्यांना एका वेळी ॲड्रेनालिन साधारण चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे दोन कार्ट्रिजपेक्षाही थोडं कमीच. पण ही झाली मर्यादा. ‘बेताने द्या’ आणि ‘ॲलर्जी आहे, देऊच नका’ या दोन ओळी एकाच शाईने लिहायच्या नसतात.

ॲड्रेनालिनचीच ॲलर्जी आहे असं म्हणणारेही भेटतात. जो पदार्थ तुमचं शरीर रोज स्वतः बनवतं, त्याची? आणि खरी, जीवघेणी ॲलर्जी आली, ओठ सुजले, दम लागला, रक्तदाब कोसळला, तर मी कपाटातून काय काढणार? ॲड्रेनालिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे पाचशे मायक्रोग्रॅम, कार्ट्रिजमध्ये असतं त्याच्या वीसपटीहून जास्त. ज्या औषधाने ‘ॲलर्जी झाली’ असा शिक्का बसला, तेच ॲलर्जीवरचं पहिलं औषध आहे. फाईलवर लाल शाईने ‘ॲड्रेनालिन वर्ज्य’ लिहून ठेवणाऱ्याने उद्याच्या खऱ्या संकटात कुणा नवख्या डॉक्टरचा हात अडवून ठेवला, हे त्याच्या गावीही नसतं.

आमच्या बिरादरीतली दुसरी वाईट सवय म्हणजे “तुम्ही घाबरलात म्हणून झालं” हे वाक्य. पेशंटला ते लागतं, आणि लागणारच. तो घाबरायच्या आधी छाती धडधडली होती, हे त्याला पक्कं आठवत असतं. औषधाचा परिणाम झाला हे त्याचं म्हणणं खरं आहे. चुकतं फक्त नाव. दोन वाक्यांत समजावलं तर माणूस समजतो. झटकून टाकलं तर तो स्वतःच स्वतःला ॲलर्जी लिहून देतो.

चक्कर हे तिसरं प्रकरण, ते थोडक्यात. सुई बघून किंवा टोचल्याबरोबर चेहरा पांढराफटक पडतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नाडी मंद होते. धडधडीत नाडी पळते, चक्करेत बसते. मनगटावर दोन बोटं ठेवली की कळतं. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की दोन-चार मिनिटांत रंग परत येतो. यातली निम्मी मंडळी उपाशी आलेली असतात, आणि याला आपली भाषा जबाबदार आहे. ऑपरेशनला देतात ती पूर्ण भूलही ‘भूल’ आणि दाढेपुरतं बधिर करतात तीही ‘भूल’. पूर्ण भुलीआधी उपाशी राहावं लागतं. दाढेसाठी नाही. पोहे खा, औषधं चालू असतील ती घ्या आणि मग या.

आणि एक: “इंजेक्शननंतर माझा ओठ इतका सुजला!” बधिर झालेला ओठ मेंदूला भलामोठा वाटतो. मी काही न बोलता हातात आरसा देते. ओठ असतो तेवढाच. ॲलर्जीची सूज आरशात दिसते आणि समोरच्यालाही दिसते.

खरी ॲलर्जी कुणालाच होत नाही का? होते, पण फार विरळा. जुन्या प्रोकेनच्या काळात ती जास्त होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या त्या औषधाचा शरीरात चुरा होताना जे बनतं, त्याची बऱ्याच जणांना ॲलर्जी असे. लिग्नोकेनचं कूळ वेगळं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये बनवलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं आणि दंतवैद्यांनी प्रोकेन हळूहळू बाजूला ठेवलं. तरीही कुणाला खरंच गांधी उठल्या, तर लिग्नोकेनवर ठपका ठेवण्याआधी बाकीचे संशयित बघायचे. मोठ्या बाटलीतलं औषध टिकावं म्हणून घातलेलं मिथाइलपॅराबेन, ॲड्रेनालिन टिकावं म्हणून घातलेलं मेटाबायसल्फाइट, आणि माझ्या हातातले रबरी मोजे. यातल्या सल्फाइटचा आणि ‘सल्फा’च्या गोळ्यांचा संबंध फक्त नावापुरता. सल्फाच्या गोळीने अंगावर उठतं म्हणून दाताचं इंजेक्शन चालत नाही, हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. चालतं.

संशय पक्का असेल तर ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जावं, ते पायरीपायरीने मात्रा वाढवत तपासतात. हाताच्या कातडीत थेंबभर सोडून, पंधरा मिनिटं बाकावर बसवून ‘टेस्ट डोस निगेटिव्ह’ असा शेरा मारण्यावर माझा विश्वास नाही. टोचल्याने आलेला लाल ठिपका पॉझिटिव्ह ठरतो आणि आणखी एका फाईलवर लाल शाई चढते.

या शाईची किंमत काय, ते एका काकांनी मला दाखवलं. पंधरा वर्षांपूर्वी खालची दाढ काढताना धडधडलं, फाईलवर ॲलर्जी लागली. त्यानंतर जिथे जातील तिथे ते स्वतःच सांगत, “मला प्लेन द्या.” म्हणजे ॲड्रेनालिनशिवाय. त्यांच्या रूट कॅनालला प्लेन लिग्नोकेन दिलं गेलं. दहाव्या मिनिटाला भूल उतरली आणि दाताची आतली नळी साफ करायची कानशीसारखी बारीक सुई नसेवर होती. पुन्हा टोचलं, पुन्हा उतरली. तिथून उठले ते नवा समज घेऊनच: “मला भूलच लागत नाही.” माझ्याकडे आले तेव्हा दोन्ही तक्रारी एका दमात सांगितल्या, आणि पहिली दुसरीची आई आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वेदनेने त्यांच्या स्वतःच्या ग्रंथींनी त्या दिवशी जे ॲड्रेनालिन ओतलं असेल, त्यापुढे माझं कार्ट्रिज म्हणजे किस झाड की पत्ती.

गोळ्यांची पिशवी पाहिली, रक्तदाब मोजला. सगळं समजावून सांगितलं. “काका, थोडं धडधडेल कदाचित. धडधडलं तर मला सांगा, आपण दोघं मोजू.” खुर्ची आडवी केली. बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि पडदा त्यांच्याकडेच वळवला. नाडी ८४. ब्लॉकची सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढला, स्वच्छ. मग सावकाश सोडायला लागले. ९०. ९६. काकांची नजर पडद्यावर. १०२ ला ते डोळ्यांनीच म्हणाले, बघा. मी म्हटलं, बघतेय. औषध संपेपर्यंत १०२ वरच होती, मग ९८, ९१, आणि पाचव्या मिनिटाला ८६.

“एवढंच?” बधिर ओठाने ते ‘एव्हंच’ असं आलं.

दाढेचं काम चाळीस मिनिटं चाललं, ते मध्येच थोडे पेंगलेही. जुनी लाल ओळ मी खोडली नाही, दुसऱ्याच्या हाताचं खोडू नये. तिच्याखाली निळ्या पेनाने लिहिलं: लिग्नोकेन २ टक्के, ॲड्रेनालिन १:८०,०००, १.८ मिली, सावकाश. नाडी ८४, कमाल १०२, पाच मिनिटांत ८६. पुरळ नाही, सूज नाही, दम नाही. काकांनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. धाकट्या भावालाही हीच ‘ॲलर्जी’ आहे म्हणे, त्याला पाठवायचा होता.