बायव्हॅलेंट क्रोमॅटिनचा वाद

मूलपेशींच्या अभ्यासात २००६ हे साल सहसा एकाच शोधामुळे आठवतं: उंदराच्या फायब्रोब्लास्ट या पूर्ण घडलेल्या पेशींमध्ये चार जनुकं घालून त्या पेशी भ्रूणीय अवस्थेसारख्या करता आल्या, तो शोध. त्याच वर्षी क्रोमॅटिनबद्दल, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांबद्दल, आलेलं दुसरं निरीक्षण तितकं गाजलं नाही, पण त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी १९८१ पासून आणि माणसाच्या १९९८ पासून प्रयोगशाळेत वाढवल्या जात होत्या. विकासाची जनुकं या पेशींत बंद असतात, तरी वेळ आली की पटकन सुरू होतात. ती बंद कशी राहतात, हा जुना प्रश्न. २००६ मध्ये दिसलं ते असं, की या जनुकांच्या सुरुवातीला एच३ या हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट (छोटे रासायनिक गट) असतात, ही सक्रियतेची खूण. आणि २७व्या स्थानावरच्या लायसिनवरही तीन, ही पॉलीकोम्ब या जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनसमूहाने केलेली बंदीची खूण. या जोडीला ‘बायव्हॅलेंट’ नाव मिळालं. सोबत अर्थही चिकटला: जनुक ‘सज्ज’ आहे, म्हणजे बंद असलं तरी सुरू व्हायला तयार.

पहिला आक्षेप साधा होता. तपासणी लाखो पेशी एकत्र करून होते. निम्म्या पेशींत एक खूण आणि उरलेल्यांत दुसरी असली तरी निकाल तोच दिसेल. त्यावर उपाय म्हणजे एका अँटीबॉडीने ओढून घेतलेला क्रोमॅटिनचा तुकडा दुसरीने पुन्हा ओढायचा. तो मूळ अभ्यासातच केला होता. पुढे २०१२ मध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने दाखवलं, की दोन्ही खुणा एकाच न्यूक्लिओसोमवर (डीएनए गुंडाळलेल्या हिस्टोनांच्या एका गठ्ठ्यावर), पण एच३च्या दोन वेगळ्या प्रतींवर असू शकतात. म्हणजे जोडी खरी. ‘सज्जते’चं मात्र तसं नाही. सक्रियतेची खूण लावणारं एमएलएल२ हे एन्झाइम काढून टाकलं, तर या जनुकांवरची ती खूण बरीच पुसली जाते, तरी पेशी वेगळ्या वळणाला लागताना बहुतेक जनुकं सुरू होतातच. अशी जोडी पूर्ण घडलेल्या पेशींतही सापडते. इतकं असूनही पाठ्यपुस्तकी चित्रांत ‘सज्ज’ हा शिक्का तसाच आहे, हे खटकतं.

पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या माध्यमाची गोष्ट तर उशिराच लक्षात आली. सुरुवातीचे निष्कर्ष सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) वाढवलेल्या पेशींवरचे होते. २००८ पासून एमईके आणि जीएसके३ या किनेजांना (पेशीतले संदेश पुढे नेणाऱ्या एन्झाइमांना) रोखणारं ‘टू-आय’ माध्यम आलं. त्यात विकासाच्या जनुकांवरची बंदीची खूण खूप कमी होते, डीएनएवरचं मेथिलेशनही (थेट डीएनएला जोडलेले मिथाइल गट) घसरतं. जनुकं मात्र उलट अधिक शांत राहतात.

मेथिलेशनबद्दल उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणंही धोक्याचं ठरलं. उंदराच्या मूलपेशी मेथिलेशनची तिन्ही प्रमुख एन्झाइमं नसतानाही वाढत राहतात. माणसाच्या पेशी त्यांतलं डीएनएमटी१ एकटं गेलं तरी मरतात. २०१७ मध्ये टू-आय माध्यमाचीही दुसरी बाजू पुढे आली: फार काळ त्यात ठेवलेल्या उंदराच्या पेशींतल्या इम्प्रिंटिंगच्या खुणा (जनुकाची प्रत आईकडून आली की वडिलांकडून, हे सांगणाऱ्या) पुसल्या जातात, आणि माध्यम बदलून त्या परत येत नाहीत.