आतबट्ट्याचे सौदे (बेसबॉल)

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन संघ आपापल्या खेळाडूंची अदलाबदल करतात, तिला ‘ट्रेड’ म्हणतात. एका संघाला पुढची दहा-पंधरा वर्षे मैदान गाजवणारा खेळाडू मिळाला आणि दुसऱ्याच्या पदरी जवळजवळ काहीच पडले नाही, की तो ट्रेड एकतर्फी म्हणून इतिहासात जातो. बेसबॉलप्रेमी असे सौदे सामन्यांच्या निकालांइतकेच तोंडपाठ ठेवतात.

सर्वांत जास्त घेतले जाणारे नाव म्हणजे ‘ब्रॉक-ब्रॉग्लियो’. १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्जने लू ब्रॉक हा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) सेंट लुईस कार्डिनल्सला दिला आणि एर्नी ब्रॉग्लियो हा पिचर (चेंडू टाकणारा) घेतला. सौद्यात एकूण सहा खेळाडू होते, पण बाकीच्या चौघांची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. ब्रॉक २४ वर्षांचा होता. पळण्यात चपळ, पण फलंदाजीची सरासरी अवघी .२५१, म्हणजे दर हजार संधींमागे २५१ हिट (बेसपर्यंत पोचवणारे फटके). ब्रॉग्लियोने मात्र आदल्याच वर्षी १८ सामने जिंकून दिले होते. त्यामुळे त्या दिवशी फायदा शिकागोचाच झाला असे बहुतेकांना वाटले, आणि कार्डिनल्सच्या ड्रेसिंग रूममध्येही नाराजी होती. पुढे जे घडले ते मात्र भलतेच होते. ब्रॉकने उरलेल्या हंगामात .३४८ च्या सरासरीने फलंदाजी केली, कार्डिनल्सनी आपली लीग जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगविजेत्यांच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यँकीजना सात सामन्यांत हरवले. ब्रॉकने कारकिर्दीत ९३८ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला), त्यांतले ११८ एकट्या १९७४ मध्ये. ३,०२३ हिट मारून १९८५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. ब्रॉग्लियोच्या कोपराचे दुखणे बळावले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. कब्जसाठी त्याने ७ सामने जिंकले, १९ हरले. १९६६ नंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, दिसला नाही. त्याचे नाव ‘फसलेला सौदा’ याला प्रतिशब्द म्हणून वापरले जाते, हे अन्यायाचे आहे. २१ आणि १८ विजयांचे हंगाम देणारा तो चांगला पिचर होता, दगा त्याच्या हाताने दिला. पुढे या दोघांची मैत्री झाली.

फ्रँक रॉबिन्सनच्या बाबतीत मात्र चूक पारखण्यातच झाली. डिसेंबर १९६५ मध्ये सिनसिनाटी रेड्सने त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे पाठवले. तिशीचा रॉबिन्सन आता तरुण राहिलेला नाही, असे कारण मालक बिल डिविट यांनी दिले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने .३१६ सरासरी, ४९ होम रन आणि १२२ आरबीआय (आपल्या फलंदाजीतून संघाला मिळवून दिलेल्या धावा) अशी ‘ट्रिपल क्राउन’, म्हणजे या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक, मिळवली आणि ओरिओल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. बदल्यात आलेल्या तिघांपैकी मुख्य पिचर मिल्ट पॅपस, त्यालाही रेड्सनी १९६८ च्या जूनमध्ये दुसरीकडे पाठवले.

डिसेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने जिम फ्रेगोसीसाठी नोलन रायन आणि आणखी तीन खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्सना दिले. रायनचा वेग अफाट, पण चेंडूवर ताबा नव्हता. फ्रेगोसी नामांकित शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता. मेट्सने त्याला थर्ड बेसवर उभे केले आणि दीड हंगामात विकून टाकले. रायनने १९७२ मध्येच ३२९ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि शेवटी हा आकडा ५,७१४ वर नेला. तो विक्रम आजही अबाधित आहे. १९७९ मध्ये एंजल्सनी आपला पहिला डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकला, तेव्हा रायन संघात होता आणि संघाचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) होता फ्रेगोसी.

सगळे एकतर्फी सौदे मूर्खपणाचे मात्र नसतात. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने डॉइल अलेक्झांडर या ३६ वर्षांच्या पिचरसाठी मायनर लीगमधला (खालच्या स्तरावरचा) २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने डिव्हिजन जिंकला. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) नोंदवले, तरी ज्या गरजेपोटी सौदा झाला ती भागली होती. बॉस्टन रेड सॉक्सने ऑगस्ट १९९० मध्ये लॅरी अँडरसन या पिचरच्या बदल्यात जेफ बॅगवेल हा तरुण फलंदाज ह्यूस्टन ॲस्ट्रोजना दिला, तेव्हा अँडरसननेही उत्तम कामगिरी केली, पण अवघ्या २२ डावांपुरती. बॅगवेल ह्यूस्टनसाठी १५ हंगाम खेळला आणि त्याने ४४९ होम रन मारले. इथे किंमत फारच जास्त मोजली गेली.

बेसबॉलचा सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथ याचे नाव या यादीत हटकून येते, पण ती अदलाबदल नव्हती. डिसेंबर १९१९ मध्ये रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला १ लाख डॉलरना यँकीजना विकले. १९१८ नंतरचे बॉस्टनचे पुढचे वर्ल्ड सिरीज विजेतेपद थेट २००४ मध्ये आले.

या साऱ्या हिशेबात खेळाडूला कोणी विचारत नसे. करारातल्या ‘रिझर्व्ह क्लॉज’ या अटीमुळे १९७५ पर्यंत तो आपल्या संघाशी बांधलेला असे. ब्रॉकचा सहकारी कर्ट फ्लड याने १९६९ मध्ये ट्रेड होऊन फिलाडेल्फियाला जायचे नाकारले आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्यानंतर १९७३ मध्ये नियम आला: मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू आपला ट्रेड नाकारू शकतो. हा नियम १९६५ मध्ये असता, तर सलग दहा हंगाम सिनसिनाटीतच खेळलेला रॉबिन्सन तो सौदा अडवू शकला असता.